गाडी रिव्हर्स घेताना: आरसा, कॅमेरा की मान?

कडेकडेने:
गाडी शिकताना रिव्हर्सच्या वाट्याला सगळ्यात कमी वेळ येतो. परीक्षेपुरतं एक वळण घोटून घेतात, परवाना हातात पडतो आणि पुढे माणूस 'मागे कोणी नसेल' या भरवशावर वर्षानुवर्षं गाडी मागे घेत राहतो. हल्ली त्या भरवशाची जागा पडद्याने घेतली आहे. रिव्हर्स टाकला की डॅशबोर्डवर चित्र उमटतं आणि चालकाची नजर जी तिथे चिकटते ती गाडी थांबेपर्यंत निघत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात मांडते. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग चुकलं तर बहुतेक वेळा पत्रा चेपतो. माणसाला इजा होते ती मागचं न बघितल्यामुळे किंवा वेगामुळे. तरीही आपण सगळी मेहनत स्टिअरिंगवर घेतो.

वेगाचा हिशेब बघा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. काहीतरी दिसलं आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी १.४ मीटर मागे गेलेली असते. ताशी १० ला तेच अंतर २.८ मीटर होतं आणि ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नसते. म्हणून चालत्या माणसाच्या वेगापेक्षा जास्त वेग रिव्हर्सला नकोच. मॅन्युअल गाडी असेल तर हाफ क्लच, ऑटोमॅटिक असेल तर नुसता ब्रेक सैल करायचा. सपाट जागी रेस द्यायची गरज क्वचितच पडते.

माझी पद्धत अशी: बसायच्या आधी गाडीमागून चालत यायचं. गाणी बंद, काच खाली. मग दोन्ही खांद्यांवरून मागे, दोन्ही आरसे, पडदा, परत मागची काच. नजर फिरती ठेवायची आणि काहीही कळेनासं झालं की थांबायचं. तुम्ही कशाकडे बघता? कॅमेरा आल्यावर मान वळवणं सोडलंत का? खरं सांगा.

टपटप:
रुमाल टाकून ठेवतो. शेजारच्या गाडीचा बंपर रात्रीत कसा काय चेपतो, ते या धाग्यात कळेल अशी आशा आहे.

गिअरपेटी:
धागा आवडला. पण मागे बघा, मागे बघा हे सगळेच सांगतात. रिव्हर्सला पुढेही बघावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

पुढे जाताना वळणारी चाकं आघाडीला असतात, बाकीची गाडी त्यांच्यामागून ओढली जाते. रिव्हर्सला वळणारी चाकं शेपटाकडे येतात. डिकी उजवीकडे वळवलीत की बोनेट डावीकडे फेकलं जातं, आणि ते तुमच्या मनातल्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. पार्किंगमधून उलटी गाडी काढताना जे ओरखडे पडतात, त्यातले पुष्कळसे पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला असतात ते याच कारणाने. चालकाची मान मागे, नाक मात्र शेजाऱ्याच्या दाराला घासतंय.

दोन गाड्यांच्या मधून रिव्हर्स निघताना लगेच कट मारू नका. सरळ मागे या. तुमचं बोनेट शेजारच्या गाडीच्या मागच्या टोकाच्या बाहेर येतंय असं दिसलं की मग स्टिअरिंग फिरवा. आधीच कापलंत तर ज्या बाजूला डिकी जाते तिकडचा शेजारी मागच्या दारापाशी लागतो आणि उलट्या बाजूचा शेजारी पुढच्या कोपऱ्याला लागतो. एका कटमध्ये दोघांशी ओळख.

दुसरी गोष्ट स्टिअरिंग परत येण्याची. पुढे जाताना वळण संपलं की स्टिअरिंग हातातून आपोआप सरळ होतं, कारण पुढच्या चाकांचा धरणारा अक्ष किंचित मागे कललेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. रिव्हर्सला हाच कल उलटा काम करतो. स्टिअरिंग धड सरळ होत नाही आणि वेग वाढवलात तर आणखी वळायला बघतं. म्हणून वेगात रिव्हर्स घेणाऱ्याची गाडी सापासारखी वळवळते. तो एका बाजूला सावरायला जातो, ते जास्त होतं, मग दुसरीकडे. हळू घेतलं की प्रश्नच मिटला. स्टिअरिंग सरळ करायचं काम मात्र तुमचं, गाडी करणार नाही.

शंकेखोर:
एक बाळबोध शंका. आरशात बघितलं की डावं-उजवं उलटं होतं असं वाटतं आणि मग स्टिअरिंग कुठे फिरवायचं तेच सुचत नाही. नेमका नियम काय?

एल_बोर्ड:
@शंकेखोर, बाळबोध अजिबात नाही. शिकायला येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची हीच अडचण असते. मी गाडी चालवायला शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिकी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं. बस्स. आरशातही तेच. डाव्या आरशात जे दिसतं ते गाडीच्या डाव्या अंगालाच असतं, उलटं काही होत नाही. डाव्या आरशातली भिंत फार जवळ आली तर डिकी उजवीकडे न्यायची आहे, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. 'आरशात जे जवळ येतंय त्याच्यापासून लांब फिरव' एवढंच मी सांगतो. दोन दिवसांत हात ऐकायला लागतो.

फिरवायचं थोडं. बाल्कनीतून बघणाऱ्याला वाटावं की हा स्टिअरिंगशी खेळतोय, इतकं थोडं. नवीन माणूस अर्धा फेरा फिरवतो, गाडी तिरकी झाली की घाबरून एक फेरा उलटा फिरवतो, आणि मग चाकं कुठे आहेत याचा पत्ता हरवतो. पत्ता हरवला तर थांबायचं आणि हातभर पुढे घ्यायचं. गाडी कुठल्या दिशेला सरकते त्यावरून चाकं कळतात. रिव्हर्समध्ये पुढे येण्यात कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही. मोठी वाहनं चालवणारे मुरलेले लोकसुद्धा दोनतीनदा पुढे येतात.

सरावाला मोकळं मैदान आणि जमिनीवरची एखादी लांब रेघ पुरते. डाव्या आरशात रेघ आणि मागचं चाक यांच्यामधलं अंतर बघत सरळ मागे यायचं. तेवढं सरळ जमलं की वळण आपोआप सोपं होतं. लोक उलटं करतात, सरळ यायच्या आधीच तिरक्या पार्किंगच्या मागे लागतात.

आता पायाबद्दल, कारण हे कोणी लिहिलेलं नाही. मान आणि कंबर वळवून मागे बघताना पूर्ण अंग फिरतं आणि त्याबरोबर उजवा पाय नकळत सरकतो. ब्रेकवर आहे असं वाटणारा पाय रेसवर जातो. मग गाडी उसळते, माणूस दचकतो आणि 'ब्रेक' आणखी जोरात दाबतो. तो ब्रेक नसतोच. भिंत फोडून आत गेलेल्या गाड्यांमागे बऱ्याचदा हेच असतं. यावर उपाय असा की टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकलेली ठेवायची आणि तिथूनच पंजा फिरवायचा. मागे बघायला वळलात की गाडी हलवायच्या आधी एकदा ब्रेक दाबून खात्री करायची. चपला सैल असतील तर काढून बाजूला ठेवा, पण पायाखाली नको.

गिअर टाकताना 'कर्रर्र' आवाज येतो अशी तक्रार असते. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (जुळणाऱ्या गिअरांचा वेग आधी सारखा करून देणारी सोय) नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, क्षणभर दम खा आणि मग टाका. तरी अडला तर एकदा पहिला टाकून परत रिव्हर्स टाकून बघा. जोर लावू नका. आणि रिव्हर्समध्ये येणारा तो 'हुंऽऽ' आवाज म्हणजे बिघाड नव्हे. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सच्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात, म्हणून ते गुणगुणतात.

शंकेखोर:
'आरशात जे जवळ येतंय त्याच्यापासून लांब फिरव' हे डोक्यात बसलं. पायाचं वाचून मात्र धसका घेतला. धन्यवाद सर.

पिक्सेलपंथी:
मान, मान, मान! अहो, मान वळवून मागची काच दिसते. काचेच्या खाली जे आहे ते जगातली कुठलीही मान दाखवू शकत नाही. तीन वर्षांचं मूल उंच गाडीच्या बंपरला टेकून उभं राहिलं तर तिन्ही आरसे आणि मान मिळूनही ते दिसणार नाही. कॅमेऱ्याला दिसेल.

हे माझं मत नाही, यावर कायदा झालेला आहे. अमेरिकेत २००२ साली कॅमेरन गुलब्रॅन्सेन हा दोन वर्षांचा मुलगा मागे येणाऱ्या घरच्याच गाडीखाली गेला. गाडी त्याचे वडील चालवत होते. त्याच्या नावाने २००८ साली तिथे कायदा मंजूर झाला, २०१४ मध्ये नियम ठरला आणि १ मे २०१८ पासून साधारण साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक नव्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागचा ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टा चालकाला दिसलाच पाहिजे, अशी अट आहे. नियम करताना तिथल्या सरकारी यंत्रणेने धरलेला अंदाज असा होता: मागे येणाऱ्या वाहनांखाली वर्षाला सरासरी २१० मृत्यू आणि १५,००० जखमी. मृतांमध्ये ५ वर्षांखालची मुलं ३१ टक्के, ७० आणि त्यापुढच्या वयाचे २६ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बळी वयाच्या दोन टोकांचे. एक बुटकं म्हणून दिसत नाही, दुसऱ्याला पटकन बाजूला होता येत नाही.

भारतातही १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. तेव्हा कॅमेऱ्याला नावं ठेवणं पुरे.

आरसेमहाल:
कॅमेऱ्याला नावं कोणी ठेवलेली नाहीत, मीही ठेवणार नाही. पण तो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही हे माहीत नसताना त्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा सपाट जमिनीसाठी आखलेल्या असतात. जमिनीवर उभ्या असलेल्या वस्तूचा पाया कुठल्या रेघेवर आहे ते बघितलं तर अंतर बरोबर कळतं. पण वस्तू अधांतरी असेल तर? ट्रकच्या मागून बाहेर आलेले गज घ्या. समजा कॅमेरा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे, गजाचं टोक ६० सेंटिमीटर उंचीवर आणि कॅमेऱ्यापासून फक्त ५० सेंटिमीटर मागे आहे. कॅमेऱ्यातून त्या टोकावरून जाणारी रेषा पुढे जमिनीला टेकेल ती १५० सेंटिमीटरवर. म्हणजे पडद्यावर तो गज दीड मीटर लांब दिसतो, प्रत्यक्षात वीतभर दोन वीत उरलेले असतात. गज कॅमेऱ्याच्याही वर असेल तर तो कुठल्याच रेघेवर येत नाही, नुसता चित्राच्या वरच्या भागात तरंगताना दिसतो. अर्ध्या उघड्या शटरचंही तसंच.

मागे चढ असला तरी हाच घोळ होतो. चढावरची वस्तू पडद्यावर वर सरकते, म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते.

शिवाय भिंग अतिरुंद असतं, त्यामुळे सगळंच जरा छोटं आणि दूर वाटतं. पावसाचा एक थेंब भिंगावर बसला की अर्धं चित्र गेलं. आणि बोनेट कुठे फेकलं जातंय (गिअरपेटींचा मुद्दा) ते मागच्या कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही.

सेन्सरचीही गोष्ट बघू. तो कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनी कधी परत येतो त्यावरून अंतर काढतो. भिंत किंवा गाडीचा पत्रा त्याला छान कळतो. बारीक खांब, जाळी, बंपरच्या खालच्या पातळीतला कठडा त्याच्यातून निसटू शकतो. जाड कपडे घातलेला माणूस लहरी शोषून घेतो, म्हणून तो भिंतीइतका ठळक 'दिसत' नाही. बंपर चिखलाने माखला असेल तर यंत्र एकतर उगाच कोकलत राहतं किंवा गप्प बसतं. 'बीप' वाजली तर थांबा, एवढंच घ्या. 'वाजली नाही म्हणजे मागे मोकळं आहे' हा अर्थ काढू नका.

पिक्सेलपंथी:
गजाचं उदाहरण पटलं, हे डोक्यात आलं नव्हतं. तरी एक मुद्दा सोडणार नाही: दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली तर मुलांसाठी कॅमेराच. आणि भिंग दर धुण्याच्या वेळी पुसा, बंपर आपण पुसतो आणि ते राहून जातं.

कडेकडेने:
@पिक्सेलपंथी, एकच निवडायची वेळ कशाला आणता? पडदा एका नजरेपुरता, मग काच, मग आरसा, परत पडदा. मला फक्त खिळलेली नजर नको आहे.

दोन_पिलांची_आई:
मुलांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. लहान मुलं गाडीपासून पळत नाहीत, गाडीकडे धावत येतात. घरातलं माणूस निघालं की टाटा करायला, नाहीतर 'मला पण यायचंय' म्हणून. आतला माणूस आरसे बघतो तेव्हा मूल दारात असतं. तो गिअर टाकेपर्यंत ते डिकीमागे पोचलेलं असतं. गाडीमागून चालत येण्याची सवय चांगलीच आहे, पण चालत येऊन दार लावून पट्टा बांधेपर्यंतचा वेळ लहान मुलाला भरपूर होतो.

आमच्याकडे पद्धत साधी आहे. गाडी निघताना मुलं कोणातरी मोठ्या माणसाच्या हाताला धरलेली असतात आणि चालकाला तो मोठा माणूस आणि मुलं दोघंही समोर दिसत असतात. मागे नाही, समोर. दिसली नाहीत तर गाडी सुरूच होत नाही. मुलांना 'गाडीमागे जाऊ नको' हे सांगायचंच, पण त्या वयाच्या पोराच्या लक्षात राहील यावर विसंबायचं नाही. गाडीच्या मागे खेळणं, सायकल, चेंडू काही पडू द्यायचं नाही, कारण ते आणायला मूल कधीतरी जाणारच.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे अजून एक भर पडली आहे. इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे मागच्याला चाहूलच नाही. बऱ्याच गाड्या हळू वेगात आणि रिव्हर्सला मुद्दाम आवाज काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या वाहन नियमावलीत ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्सला हा आवाज अपेक्षित आहे, आणि युरोपीय संघात जुलै २०२१ पासून अशा सगळ्या नव्या गाड्यांना तो लागतो. पण पेट्रोलच्या गाडीची सवय झालेल्या कानाला हा आवाज गाडीचा वाटतच नाही. आजीआजोबांना तर नाहीच.

गिअरपेटी:
विजेच्या गाडीबद्दल पुरवणी. तिला सहसा वेगळा रिव्हर्स गिअर नसतो, मोटरच उलटी फिरते. त्यामुळे जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो. रिव्हर्सचा वेग सॉफ्टवेअरने मर्यादित केलेला असतो, तरी पेट्रोलची गाडी जशी दम लागल्यासारखी सरकते तशी ही सरकत नाही. नव्याने घेणाऱ्यांनी मोकळ्या जागी आधी पायाचा अंदाज घ्यावा.

निशाचर:
मागे घेताना चारही इंडिकेटर लावावेत की नाही? मी लावतो. लोक सावध होतात.

आरसेमहाल:
नका लावू. पांढरा रिव्हर्स लाइट लागलाच आहे, त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. चारही लावलेत की बहुतेक गाड्यांत डावं-उजवं दाखवायची सोय जाते आणि तुमची डिकी कुठे वळणार ते येणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं गाडी बंद पडून उभी आहे, म्हणून तो बगलेतून पुढे काढतो, नेमका तुमच्या बोनेटच्या फेकीत.

निशाचर:
अंधारात पांढरा लाइट मिणमिणता असतो हो. एक बल्ब गेलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. मी चारही लावणार.

एल_बोर्ड:
बल्ब गेला असेल तर बल्ब बदला. रात्री भिंतीकडे पाठ करून रिव्हर्स टाकला की भिंतीवर उजेड पडतो, तेवढ्यात कळतं. चार इंडिकेटरांबाबत मी दोघांच्या मधे आहे: गाडी रस्त्यात थांबवून लोकांना थोपवायचं असेल तर लावा, वळायला सुरुवात करताना बंद करून वळायचा इंडिकेटर द्या.

एक गंमत ऑटोमॅटिकवाल्यांसाठी. पार्किंगमधून पुढच्या गिअरवर जाताना दांडा बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सवरून जातो आणि पांढरा लाइट क्षणभर चमकतो. म्हणजे नुसता चमकला तर गाडी पुढे जाणार, टिकला तर मागे. पायी चालणाऱ्याने मात्र दोन्ही वेळा थांबलेलंच बरं.

जुना_किन्नर:
सगळं वाचलं. माणूस मागे उभा करून गाडी घेतात त्यावर कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आयुष्य ट्रकच्या मागे 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणण्यात गेलंय.

सांगणारा माणूस गाडीच्या बरोबर मागे उभा असेल तर तो मदतनीस नाही, तो अपघाताचा उमेदवार आहे. त्याने मागच्या कोपऱ्याच्या बाहेर, चालकाच्या बाजूच्या आरशात पूर्ण दिसेल असं उभं राहायचं. चालकाने आरशात त्याचा चेहरा बघायचा. चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तो आरशातून गायब झाला की त्याच क्षणी ब्रेक. 'असेल कुठेतरी' म्हणून एक इंचही नाही.

सांगणारा एकच असावा. तिघे असले की एक 'येऊ द्या', दुसरा 'बास' आणि तिसरा 'अजून आहे, अजून आहे' म्हणतो, आणि चालक ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. तोंडापेक्षा हात बरा. हात आत ओढला म्हणजे ये, दोन्ही तळवे समोर म्हणजे थांब, हे सुरू करायच्या आधी ठरवून घ्यायचं. 'बास' ओरडेपर्यंत पाच बोटं अंतर उरतं, कारण ओरडणाऱ्यालाही वाटतं अजून चालेल. म्हणून जागा संपायच्या आधी थांबवायचं आणि मग बोटबोट घ्यायचं.

आणि पत्र्यावर थाप. आमच्यात दोन थापा म्हणजे चालू द्या, एक जोराची म्हणजे थांब. दुसरीकडे उलटं ऐकलंय. अनोळखी चालक असेल तर थाप मारू नका, त्याला काय कळेल सांगता येत नाही.

टपटप:
'अपघाताचा उमेदवार' हाहाहा. दादा, तुम्ही वेगळा धागा काढाच.

निशाचर:
कोणी हायवेबद्दल बोलेल का? एक्झिट चुकला की कडेने मागे येणारे दिसतात, दर वेळी अंगावर काटा येतो.

कडेकडेने:
त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही, करायचंच नाही. ताशी १०० ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर येते. त्या चालकाला पुढे लाल टेललाइट दिसतात, म्हणजे ही गाडी पुढे जातेय असं तो धरून चालतो. ती उलटी येतेय हे कळेपर्यंत दोघांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी संपत असतं. चुकला तर पुढचा एक्झिट घ्यायचा. कडेची पट्टीही यासाठी नाही. पट्टीवर बंद पडलेली गाडी उभी असू शकते आणि तिच्याजवळ माणूस.

शंकेखोर:
अजून एक. गाडी लावताना नाक आत घालावं की उलटी आत न्यावी? आमच्या घरात यावर रोज वाद होतो. 'उलटी लावायला वेळ लागतो, मागे रांग लागते' असं घरचे म्हणतात.

एल_बोर्ड:
उलटी आत, सरळ बाहेर. वेळ तेवढाच लागतो, एकदा आत जाताना किंवा एकदा बाहेर येताना. फरक असा की लावायला येताना तुम्ही त्या जागेसमोरून नुकतेच गेलेले असता, रिकामी आहे हे डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि उलटं आत शिरताना तुमची डिकी भिंतीकडे जाते. निघताना तासभर गेलेला असतो, मागे काय आहे ते माहीत नसतं, दोन्ही बाजूंना उंच गाड्या आणि डिकी थेट चालत्या माणसांमध्ये. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही घराच्या ड्राइव्हवेत शक्यतो उलटं आत जा आणि सरळ बाहेर या असं लिहिलंय. गरजेपेक्षा जास्त अंतर रिव्हर्स नेऊ नये, हा तर तिथे कायदाच आहे.

अपवाद: तिरक्या आखलेल्या जागा. त्या ज्या दिशेने आखल्या आहेत तसंच शिरा, नाहीतर बाहेर पडताना उलट्या प्रवाहाला तोंड होतं. आणि डिकीत जड सामान भरायचं असेल तर नाक आत घाला, मी काही भांडणार नाही.

आरसेमहाल:
रडार असलेल्या काही गाड्या बाजूने येणारं वाहन सांगतात. उलटं निघावंच लागलं तर त्याचा उपयोग होतो. तरी दोन भिंतींच्या मधे असताना रडारलाही भिंतच दिसते, म्हणून डिकी बोटभर बाहेर काढून थांबायचं आणि मग त्याचं ऐकायचं.

दोन_पिलांची_आई:
उतारावर मागे येताना काय करावं? तळघरातून उलटी वर काढायची वेळ आली की मला घाम फुटतो.

गिअरपेटी:
खाली येताना गाडी आपोआप येते, म्हणून फक्त ब्रेक. रेसवर पाय नाही आणि न्यूट्रलला तर मुळीच नाही. इंजिन बंद करून ओघळत येणं सगळ्यात वाईट, कारण ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड.

वर चढताना हँडब्रेक ओढा, क्लच पकडतोय असं जाणवलं की थोडी रेस, मग हँडब्रेक सोडा. काही गाड्यांत चढावर धरून ठेवायची सोय रिव्हर्सलाही असते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत बघून घ्या, नाही समजलं तर ती नाही असं धरूनच चला. ऑटोमॅटिकला पुढचा गिअर आणि रिव्हर्स यांच्यात बदल करताना गाडी पूर्ण थांबवा. सरकत असताना बदललं तर गिअरबॉक्स एक दिवस बिल पाठवतो.

आणि तळघरातून उलटं वर यायची वेळ का येते ते बघा. आत वळायला जागा असेल तर आतच वळा.

टपटप:
मागे ट्रेलर जोडलेला असेल तर? आमच्या एका मित्राची बोट आहे. विचारलेलं बरं, नाहीतर मलाच मागे उभं राहून 'येऊ द्या' म्हणावं लागेल.

जुना_किन्नर:
ट्रेलर उलटा चालतो. गाडीची डिकी डावीकडे गेली की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं. हात स्टिअरिंगच्या वर न ठेवता खाली, सहाच्या काट्यावर ठेवा. शेपूट ज्या बाजूला न्यायचं तिकडे हात न्या. थोडंच. कोन वाढतोय असं वाटलं तर पुढे घ्या आणि सरळ करा, मागे घेत सावरायला जाऊ नका, ट्रेलर मोडून गाडीच्या कुशीत येतो. आखूड ट्रेलर लांबापेक्षा अवघड, तो पटकन वळतो.

आणि मित्राला सांगा, बोट पाण्यात उतरवताना तुम्ही ट्रेलर आणि पाणी यांच्या मधे उभे राहणार नाही. कडेला उभे राहा, आरशात दिसा.